तीस रुपयांचा वसंत

माघ सरत आला की वर्ध्याच्या आसपासच्या रानात पळस पेटतो. सेलूच्या पुढे बोरच्या जंगलाकडे वळताना, नाही तर आष्टी-कारंज्याच्या टेकड्यांमधून जाताना, अंगावर एकही पान नसलेली ही झाडे केशरी फुलांनी नुसती लखलखत असतात. त्याच दिवसांत गावातही एक बहर येतो. तो हातगाडीवरून येतो, टेम्पोतून येतो, रोपवाटिकेच्या दाराशी ओळीने मांडलेल्या काळ्या पिशव्यांतून येतो. थंडीतल्या फुलांचा हंगाम उतरणीला लागलेला असतो, ऊन तोंडावर आलेले असते आणि विकणाऱ्याला माल संपवायचा असतो. मग ज्या कुंडीला डिसेंबरात शंभर रुपये सांगितले जात, ती फेब्रुवारीअखेर तीस-चाळीसला मिळते. चार घेतली तर पाचवे रोप वर टाकले जाते.

"घ्या नं काकू, शेवटचा माल हाय. होळीनंतर गाडी येत नाही."

हे वाक्य मी गेली वीस-बावीस वर्षे ऐकते आहे आणि दरवर्षी पिशवी घेऊन गाडीपाशी जाते आहे. झाडवाला ओळखीचा. होळी झाली की तोच माणूस त्याच गाडीवर टरबुजे विकतो. एकदा मी त्याला विचारले, "एवढ्या स्वस्तात देऊन तुला काय उरते रे?" तो म्हणाला, "काकू, ठेवली तर पावसापर्यंत पानी मला घालावं लागते. चार महिन्यांचं पानी कुठून आनू?"

त्या उत्तरात स्वस्ताईचे सारे गणित आहे. माल वाईट असतो म्हणून तो कमी भावात येतो असे नाही. माल सांभाळायचा उन्हाळा पुढे उभा असतो म्हणून भाव पडतो. तीस रुपयांत आपण रोप घेतो आणि त्याच्याबरोबर झाडवाल्याच्या वाट्याची चार महिन्यांची राखणही अंगावर घेतो. हे ज्याला उमगले त्याच्यासाठी हा बाजार खरोखरच स्वस्त आहे. ज्याला उमगले नाही त्याच्या गॅलरीत अक्षय्य तृतीयेपर्यंत रिकाम्या कुंड्यांची रांग दिसते.

म्हणून मी रोपाची किंमत फेब्रुवारीत करत नाही, जूनमध्ये करते. मृगाचा पहिला पाऊस पडेल त्या दिवशी जे जिवंत आहे ते स्वस्त पडले. बाकीचे, फुकट मिळाले असले तरी, महाग.

फुलाला भुलू नये

गाडीवर सगळ्यांत पुढे काय मांडलेले असते? पिटुनिया, फ्लॉक्स, पिंक, डालिया. पाहणाऱ्याचा हात आपोआप तिकडे जातो. पण यातली बहुतेक मंडळी हंगामी. थंडीत फुलायचे, बी धरायचे आणि उन्हाची पहिली झळ लागली की आटोपायचे, हा त्यांचा धर्म. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पंधरा दिवसांच्या शोभेसाठी घ्यावीत आणि तेवढीच अपेक्षा ठेवावी.

आपल्याला हवी असतात ती बहुवर्षायू झाडे, म्हणजे एकदा घरात आली की दरवर्षी फुटणारी, फुलणारी आणि पुढे वाटता येणारी. ती गाडीच्या मागच्या कोपऱ्यात असतात आणि या दिवसांत त्यांचे रूप अगदीच केविलवाणे असते. वाळक्या फुलांची शेवंती, छाटून खुंट झालेला मोगरा, निम्मी पाने गळालेली जास्वंद. त्यांच्याकडे कुणी पाहत नाही, आणि म्हणूनच घासाघीस तिथे करायची असते.

शेवंतीचेच पाहा. फुले संपलेली शेवंतीची कुंडी म्हणजे या बाजारातला सर्वांत दुर्लक्षित ऐवज. लोक ती मेली असे समजतात. प्रत्यक्षात बुंध्याशी बोट घालून माती जरा बाजूला केली तर कोवळे हिरवे फुटवे दिसतात. वाळलेल्या फांद्या चार बोटे ठेवून छाटाव्या आणि कुंडी अर्धसावलीत ठेवावी. हेच फुटवे उन्हाळाभर जपले की जून-जुलैत त्यांच्या शेंड्यांची कलमे लावता येतात. एका कुंडीतून पुढच्या दिवाळीपर्यंत सात-आठ कुंड्या होतात. तीस रुपयांना आठने भागा.

मोगऱ्याचा हिशेब निराळा. पौषात त्याचे पाणी तोडतात, त्याला विश्रांती देतात, छाटतात. माघात शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू केले की फाल्गुन-चैत्रात कळ्या धरतात. म्हणजे गाडीवर जो बोडका मोगरा दिसतो तो खरे म्हणजे कामाला लागायच्या तयारीत असतो. त्याला ऊन मानवते. वर्ध्याच्या वैशाखात संध्याकाळी एखाद्या अंगणातून मोगऱ्याचा वास आला की दिवसभराच्या लाहीचा थोडा तरी विसर पडतो.

सदाफुली, बोगनवेल, कण्हेर ही आपल्या उन्हाला पुरून उरणारी मंडळी. बोगनवेलीला पाणी जरा हात राखून दिले तर ती जास्तच फुलते. कण्हेर मात्र सर्वांगाने विषारी असते, तेव्हा घरात लहान मूल असेल तर ती अंगणाच्या कडेला, हाताबाहेर लावावी. कोरांटी आणि अबोली थोडक्यात भागवणाऱ्या. अबोलीला दुपारची सावली तेवढी हवी. गुलबक्षी वरून वाळून गेली तरी जमिनीत तिचा कंद शाबूत असतो आणि पाऊस पडताच ती गेल्या वर्षीच्याच जागी हजर होते.

घेताना आणखी दोन गोष्टी पाहाव्या. पिशवीच्या तळाच्या भोकांतून पांढरी, ताजी मुळे डोकावत असतील तर रोप जोमात आहे. मुळांचा गुंडा होऊन ती काळी पडली असतील तर नको म्हणावे. कलमी गुलाब असेल तर सांध्याखालून आलेला फुटवा कोणता ते तपासावे. तो जंगली खुंटाचा असतो. तो वाढू दिला तर वर्षभराने घरात राहतो तो खुंट, आणि गुलाबाची आठवण.

लाल मातीचा गोळा

वर्ध्याच्या बाजारातली सगळीच रोपे वर्ध्याची नसतात. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रवरमजवळ, गोदावरीच्या काठाला, कडियम नावाचा भाग आहे. तिथे गावेच्या गावे रोपवाटिकांची. तिथली रोपे ट्रकमध्ये भरून देशभर जातात, विदर्भातही येतात. चकचकीत पाने, भरगच्च कळ्या. पण ती वाढलेली असतात दमट हवेत, समुद्र जवळ असलेल्या प्रदेशात, आणि येऊन पडतात आपल्या कोरड्या, ओठ फोडणाऱ्या वाऱ्यात. आठ दिवसांत कळ्या गळाल्या की घेणारा म्हणतो, माझ्या हाताला गुण नाही. हाताचा काही संबंध नसतो. रोपाला हवा बदलल्याचा धक्का बसलेला असतो.

त्यातच मुळांभोवती लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. लांबच्या प्रवासात मुळे सुटू नयेत म्हणून तो उपयोगी, पण आपल्याकडे वाळला की विटेसारखा होतो. वरून घातलेले पाणी त्याच्या कडेने निसटून तळाच्या भोकातून बाहेर येते आणि मधली मुळे कोरडीच राहतात. अशा रोपाची पिशवी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी, गोळा मऊ झाला की कडेची माती हलक्या हाताने सोडवावी, मधली मुळे दुखवू नयेत. मग सैल मातीत बसवावे. माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडा विटांचा चुरा, एवढे मिश्रण पुरते.

पुस्तकातला वसंत आणि आपला

आता या लेखाची खरी गोष्ट. रोपे घरी आली. लावायची कधी?

बागकामाच्या पुस्तकांत वसंत ऋतू म्हणजे लागवडीचा काळ असे ठामपणे सांगितलेले असते. ती पुस्तके लिहिली गेली इंग्लंड-युरोपात, आणि तिथे ते खरेच आहे. तिथे बर्फ वितळते, जमीन जागी होते, पुढे सौम्य ऊन आणि अधूनमधून पाऊस. झाडाला मुळे पसरायला सहा महिने मिळतात. तिथली बहुवर्षायू झाडे थंडीत जमिनीखाली झोपतात आणि वसंतात उठतात.

आपले चक्र उलटे आहे. इथे झाडांची झोपायची वेळ उन्हाळा. रानातल्या कंदवर्गी वनस्पती पाहा. रानहळद, कळलावी, मुसळी हिवाळ्यात वरून वाळतात आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत जमिनीत पडून राहतात. आपला वसंत जेमतेम महिन्याचा. होळी झाली की पारा चढू लागतो, मे महिन्यात तो ४५ अंशांच्या पुढे जातो आणि २५ मेपासूनचे नवतपाचे नऊ दिवस तर घराबाहेर डोके काढवत नाही. वर्षाचा हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. फेब्रुवारीअखेर जमिनीत लावलेल्या कोवळ्या रोपासमोर सव्वातीन-साडेतीन महिने कोरडे असतात.

तुम्ही म्हणाल, मग पळस कसा फुलतो? पिंपळाला, करंजाला याच दिवसांत कोवळी पालवी कशी येते? तर त्यांची मुळे खोल गेलेली असतात. वरच्या तापाशी त्यांना फारसे देणेघेणे नसते. आपल्याकडे वसंत परवडतो तो मुरलेल्या झाडांना. पिशवीतल्या रोपाला तो परवडत नाही.

शिवाय आपली काळी माती. कपाशीला मानवणारी ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. या भेगा नुसत्या दिसायला वाईट नाहीत. नव्या रोपाच्या कोवळ्या मुळ्या त्यात तटातट तुटतात, आणि भेगेतून गरम हवा थेट खाली जाते. जी मुळे वाचली ती भाजून निघतात.

तेव्हा माझा नियम साधा आहे. माघ-फाल्गुनात घ्यावे, मृगात लावावे. मधल्या काळात रोप पिशवीत किंवा लहान कुंडीत, सावलीत सांभाळावे. हा सांभाळ म्हणजेच आपल्याकडचे वसंतातले बागकाम.

सांभाळायचे म्हणजे काय करायचे? काळी पिशवी दुपारी उन्हात हाताला चटका देते, आतल्या मुळांचे काय होत असेल? म्हणून पिशव्या घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला, एकमेकींना चिकटून, दाटीने ठेवाव्या. बाहेरून ओले बारदान गुंडाळावे. वर हिरवी जाळी बांधावी. नसेल तर तुराट्या-पऱ्हाट्यांचा लहानसा मांडव घालावा. तो आपल्या जिल्ह्यात कुणाही शेतकऱ्याकडून मिळू शकतो आणि जाळीपेक्षा गार राहतो. मातीवर दोन बोटे जाडीचा सोयाबीनच्या कुटाराचा किंवा पाल्यापाचोळ्याचा थर द्यावा. पाणी भल्या पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. या काळात खत नको, छाटणी नको, कुंडी बदलणे नको. कळी आली तर खुडावी. आजारी माणसाला जसे लग्नाच्या पंगतीत बसवत नाहीत, तसेच हे.

कुणाच्या तोंडचे पाणी

याच ठिकाणी एक अवघड प्रश्न येतो, आणि तो टाळून बागेवर लिहिणे मला अप्रामाणिक वाटते. उन्हाळ्यात माणसांना पाणी पुरत नसताना फुलझाडे जगवावीत का?

२०१९ चा उन्हाळा वर्धेकर विसरलेले नाहीत. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता, विदर्भातली धरणे तळाला गेली होती, धामही त्याला अपवाद नव्हती. नळ कधी येणार याच्या चौकशीने गल्लीतली सकाळ सुरू होई. त्या वर्षी आमच्या घरात यावरून चांगलाच वाद झाला. चिरंजीवांचे म्हणणे, झाडांचे लाड पुरे. सासूबाई तेव्हा ऐंशी पार केलेल्या. त्यांनी निकाल दिला: "माणसाच्या तोंडचं पानी झाडाले घालू नका. पन माणसानं वापरलेलं पानी मोरीत कायले सोडता?"

त्या दिवसापासून तांदूळ-डाळ धुतलेले पाणी, भाजी धुतलेले पाणी, पाहुण्यांनी पेल्यात अर्धे ठेवलेले पाणी, सगळे एका बादलीत जमू लागले. संध्याकाळी त्यातून प्रत्येक पिशवीला एकेक पेला. घरातल्या बारा पिशव्यांना एवढे पुरले. सुरुवातीला नाक मुरडणारी नातवंडे पुढे ती बादली भरली की नाही ते पाहू लागली.

एका पाण्याबद्दल मात्र सावध केले पाहिजे. कूलरच्या टाकीत तळाला उरलेले पाणी बरेचजण झाडांना घालतात. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि त्यातले क्षार मागे राहतात. दिवसेंदिवस ते पाणी खारट होत जाते. रोपांच्या पानांच्या कडा करपतात आणि आपण म्हणतो, उन्हाने करपले. ते पाणी अंगण शिंपायला वापरावे.

जमिनीत मुरलेले एखादे झाड असेल तर जुनी युक्ती चांगली: न भाजता फुटलेले नव्हे, पण बिनचकाकीचे साधे मडके झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरावे, पाणी भरावे, वर झाकण ठेवावे. मडके पाझरत राहते आणि मुळे आपणहून त्याच्याकडे येतात. वरून ओतलेल्या पाण्याचा जो भाग उन्हात उडून जातो तो वाचतो.

पाणी आणि माती यांचा विचार या जिल्ह्याला नवा नाही. १९५० साली विनोबांनी पवनारच्या परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशावाचून जगायचे, म्हणजे भाजी-धान्य स्वतःच्या कष्टाने पिकवायचे. बैलांचीही मदत न घेता केलेली ती ऋषिशेती. ज्याला विहिरीचे पाणी स्वतःच्या हातांनी काढावे लागते, त्याला पाण्याचे मोल कुणी शिकवावे लागत नाही. आपण तेवढे करू शकणार नाही. पण नळाची नळी झाडात सोडून टीव्हीपुढे बसणे आणि पेल्याने मोजून पाणी घालणे, यातला फरक तरी कळायला हरकत नाही.

बेणे राखणारे

सांभाळण्याची ही रीत मी कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही. ती आपल्याच शिवारात आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद प्रसिद्ध आहे. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. हळद मृगाच्या सुमारास लावतात आणि हिवाळा सरताना काढतात. म्हणजे नेमके पळस फुलायच्या दिवसांत शेतकऱ्याच्या हाती ताजे कंद असतात. बहुतेक हळद उकडली जाते, वाळवली जाते, बाजारात जाते. पण पुढच्या वर्षाचे बेणे बाजूला निघते. ते सावलीत रचतात, हळदीच्याच पाल्याने झाकतात आणि जूनपर्यंत राखतात. फेब्रुवारीत हाती कंद आहे म्हणून लगेच मातीत घालायची घाई कुणी करत नाही.

घरीही हे करून पाहण्यासारखे आहे. या दिवसांत ओली हळद बाजारात येते. पावशेरातले दोन-तीन टपोरे, डोळे असलेले कंद वेगळे काढावे, सावलीत ठेवावे आणि मृगात मोठ्या कुंडीत लावावे. पाने देखणी, पावसाळाभर हिरवीगार. शिवाय मोदक-पातोळ्यांना पान घरचे. वर्षभराने एका कंदाचे दहा होतात. त्यातले चार शेजारी द्यावे.

या झाडांचा खरा फायदा इथे आहे. हंगामी फूल आपल्यापाशी संपते. बहुवर्षायू झाड वाढते, दाटते आणि वाटल्याशिवाय गत्यंतर ठेवत नाही. कर्दळीचा गड्डा फोडला नाही तर ती फुलत नाही. गवती चहाचे ठोंब विरळ केले नाहीत तर मधून वाळतात. आमच्या गल्लीत आता कोणती शेवंती कुणाकडून कुणाकडे गेली याचा पत्ता लागणे कठीण आहे. मे महिन्यात एखादे कुटुंब गावाला गेले की त्यांच्या पिशव्या शेजारच्या दारात येतात आणि परतल्यावर एखादा फुटवा भाडे म्हणून मागे राहतो. उन्हाळ्याची राखण एकट्याने केली तर ओझे होते. चार घरांत वाटली तर ती गप्पांना निमित्त होते.

सेवाग्रामच्या आश्रमात बापूंनी १९३६ साली लावलेला पिंपळ आहे आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळ आहे. दोन्हींखाली आज माणसे सावलीला बसतात. बकुळ अतिशय सावकाश वाढते. लावणाऱ्याने तिच्या सावलीचा हिशेब केला तर ती लावणारच नाही. तीही कधीतरी वीतभर रोपटेच होती, आणि तिच्या पहिल्या उन्हाळ्यात कुणीतरी रोज संध्याकाळी तिच्या मुळाशी पाणी घातले असणार. त्या माणसाचे नाव कुठल्या फलकावर नाही.

यंदाही गाडी येईल. भाव पाडून मागा, झाडवाल्यालाही त्यात मौज वाटते. फक्त पैसे देण्यापूर्वी घरातली सावलीची जागा आठवा, मे महिन्यात गावाला जाणार असाल तर शेजारी कोण आहे ते आठवा, आणि जेवढी रोपे त्यात मावतील तेवढीच घ्या. पाच घेऊन पाचही मृगापर्यंत नेली, तर वीस घेणाऱ्यापेक्षा तुमची बाग मोठी होईल.